लोडर बकेटवर हायड्रॉलिक ग्रॅपल कसा बसवावा : पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

ट्रॅक्टरच्या लोडरला ग्रॅपल, म्हणजे सामान आवळून धरणारा दातेरी पंजा, घ्यायचा ठरलं की माणूस आधी लोखंड बघतो. दात किती, पत्रा किती जाडीचा, झाकण (वरून मिटणारा जबडा) एक की दोन. ते बघायलाच हवं, पण बसवताना वेळ खातो आणि डोकं फिरवतो तो भाग लोखंडाचा क्वचितच असतो. पंज्याच्या सिलिंडरला तेल कुठून द्यायचं, ते परत कुठे सोडायचं आणि उघड-मीट करायचं बटण किंवा लिव्हर कुठे असणार, हे ठरलेलं नसेल तर पंजा बकेटवर बसूनही नुसता शोभेला राहतो. म्हणून इथे क्रम असा ठेवला आहे : आधी वजन आणि तेल, मग लोखंड, मग पाईप आणि वायर.

मी बोलतोय ते बकेटच्या वरच्या कडेवर बसणाऱ्या ग्रॅपलबद्दल. तुमची नेहमीची बकेट तशीच राहते आणि तिच्यावर वरून मिटणारा दातेरी पंजा येतो. फांद्या, ओंडके, काटेरी झुडपं, उपटलेली खोडं, गवताचे ढीग असं बकेटमधून ओघळणारं सामान धरायला तो कामाचा. बकेट काढून त्या जागी लावायचा स्वतंत्र ग्रॅपल घेतला असेल तर पायरी ४ आणि ५ मधलं निम्मं सोडून द्या, बाकी सगळं तुम्हालाही लागू आहे.

आधी जमवायच्या गोष्टी

कागद : ट्रॅक्टरची पुस्तिका, लोडरची वेगळी पुस्तिका (ती बहुधा वेगळीच असते), ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक सर्किटचा नकाशा आणि ग्रॅपल किटची सुट्या भागांची यादी. ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर वॉरंटीच्या अटीही वाचा. बाहेरचा व्हॉल्व्ह जोडल्याने किंवा लोडरवर वेल्डिंग केल्याने काय होतं, ते काम सुरू करण्याआधी माहीत असलेलं बरं.

हत्यारं : रिंग आणि फिक्स पान्यांचा पूर्ण सेट (मिलिमीटर आणि इंच दोन्ही, कारण फिटिंग इंचात आणि ट्रॅक्टर मिलिमीटरमध्ये असं मिश्रण हमखास भेटतं), टॉर्क पाना, ड्रिल, अँगल ग्राइंडर, गुनिया, मोजपट्टी, सी-क्लॅम्प, मजबूत घोड्या, चाकांना लावायला ठोकळे, मल्टिमीटर, तेल धरायला पसरट घमेलं.

किरकोळ पण नडणारं : प्रत्येक उघड्या तोंडासाठी प्लास्टिकची टोपणं, धागे न सुटणारं कापड, मार्कर, केबल टाय, पाईपवर चढवायची जाळीदार बाही, जास्तीच्या ओ-रिंग, पुस्तिकेत सांगितलेलं तेल आणि पुठ्ठ्याचा एक मोठा तुकडा. पुठ्ठा कशाला, ते पुढे येईल.

१. ट्रॅक्टरला हे ओझं झेपतं का, ते आधी बघा

बकेटवर बसणारा ग्रॅपल आकारानुसार साधारण ५० ते १२० किलोंचा असतो. हे वजन लोडरच्या उचलक्षमतेतून कायमचं वजा होतं. लोडर ५०० किलो उचलत असेल आणि ग्रॅपल ९० किलोंचा असेल तर हातात उरले ४१०. त्यातही पुस्तिकेतला आकडा नीट वाचा. बरेच उत्पादक क्षमता बकेटच्या पिनेवर मोजून देतात आणि पिनेच्या ५०० मिलिमीटर पुढे ती बरीच कमी होते. ग्रॅपलने धरलेल्या फांद्या आणि ओंडके तर बकेटच्याही पुढे लोंबतात, म्हणजे प्रत्यक्षात मिळणारी क्षमता त्याहून कमी.

मागे वजन नसेल तर ग्रॅपलचा विचारच करू नका. थ्री पॉइंट लिंकेजवर वजनाची पेटी किंवा एखादं जड अवजार, नाहीतर मागच्या टायरमध्ये पाणी, पुस्तिकेत सांगितलं असेल तसं. पुढे भार आणि मागे हलकं असलं की मागची चाकं सुटतात. अनेक ट्रॅक्टरांत ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, त्यामुळे उतारावर मागची चाकं सुटली की ब्रेकही गेले.

रुंदीचं म्हणाल तर बकेट १.५ मीटरच्या आतबाहेर असेल तर मधोमध एकच झाकण पुरतं. १.८ मीटर आणि पुढे दोन स्वतंत्र झाकणं बरी, कारण एका बाजूला जाड बुंधा आणि दुसरीकडे बारीक फांद्या असल्या तर प्रत्येक झाकण आपापल्या मापाने मिटतं. एकच रुंद झाकण अशा वेळी एका कोपऱ्यावर दाब घेतं आणि पिळवटतं.

२. तेलाचा मार्ग ठरवा

सगळ्यात जास्त विचार इथे करायचा. पंज्याचा सिलिंडर डबल ॲक्टिंग असतो, म्हणजे उघडायलाही तेल आणि मिटायलाही तेल. त्याला दोन पाईप लागतात. ते कुठून आणायचे याचे तीन मार्ग आहेत.

पहिला, मागचे रिमोट, म्हणजे मागच्या अवजारांना तेल देणारी तोंडं. ट्रॅक्टरला मागे डबल ॲक्टिंग आउटलेटची जोडी असेल तर तिथून दोन लांब पाईप चेसिसच्या कडेने पुढे आणायचे. स्वस्त आणि साधं : ना वेगळा व्हॉल्व्ह, ना वायरिंग. महिन्यातून चार वेळा फांद्या उचलणाऱ्याला हे पुरेसं आहे, उगाच पुढे खर्च वाढवू नये. तोटे दोन. एका हाताने लोडर आणि दुसऱ्याने मागचा लिव्हर, मग स्टिअरिंग कोण धरणार? आणि मागच्या अवजाराला तेच आउटलेट लागलं की रोजची काढ-घाल. दोन सापळेही आहेत. काही रिमोटवर सिंगल आणि डबल ॲक्टिंग बदलायचा स्क्रू असतो, तो सिंगलवर राहिला तर पंजा एकाच दिशेने जोर करतो. काही लिव्हर ओढल्यावर तसेच अडकून राहतात. सिलिंडर टोकाला पोचल्यावरही लिव्हर अडकलेला राहिला तर तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून (दाब फार वाढला की उघडून तेल सोडणारा व्हॉल्व्ह) ओरडत जात राहतं आणि तापतं. तो आवाज ओळखायला शिका, लगेच लिव्हर मधे आणा.

दुसरा, डायव्हर्टर व्हॉल्व्ह. बकेट वळवणाऱ्या दोन पाईपांच्या मध्ये विजेवर चालणारा व्हॉल्व्ह बसतो. बटण दाबून धरलं की जॉयस्टिकचं तेल बकेटऐवजी पंज्याकडे जातं. पंपाच्या मुख्य मार्गाला हात लावावा लागत नाही, ही मोठी सोय. शिवाय पंजा जॉयस्टिकने चालतो, म्हणजे हळू हलवला की हळू मिटतो. नुसत्या बटणावर चालणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये ही नजाकत नसते. तोटा असा की बकेट वळवणं आणि पंजा मिटणं एकाच वेळी होत नाही. ढिगात बकेट घुसवून, वळवत वळवत पंजा आवळायची सवय असलेल्याला हे फार खटकतं. लोडरला बकेट झटकन रिकामी करायची रिजनरेटिव्ह स्थिती असेल तर त्या स्थितीत पंज्याला फक्त सिलिंडर बाहेर ढकलणारं तेल मिळतं, तेही कमी जोराने. हे माहीत नसलं की व्हॉल्व्ह बिघडला असं वाटतं.

तिसरा, स्वतंत्र थर्ड फंक्शन व्हॉल्व्ह, म्हणजे लोडर उचलणं आणि बकेट वळवणं यांच्या जोडीला तिसऱ्या कामाचा व्हॉल्व्ह. हा पंपाच्या मुख्य प्रवाहात बसतो, जॉयस्टिकच्या मुठीवर दोन बटणं येतात, आणि बकेट व पंजा एकदम चालतात. रोजचं काम असेल तर माझं मत याच्याच बाजूने आहे. पण जोडणी चुकली तर सगळ्यात महाग पडणारा मार्गही हाच.

का, ते समजून घ्या. बहुतेक लहान ट्रॅक्टरांत ओपन सेंटर पद्धत असते : पंप चालू असेपर्यंत तेल अखंड वाहत असतं, लोडरच्या व्हॉल्व्हमधून पुढे मागच्या लिफ्टकडे, तिथून टाकीत. हा प्रवाह कुठेही बंद झाला तर पंप भिंतीवर ढकलत बसतो. वाटेत रिलीफ व्हॉल्व्ह असेल तर तो उघडतो. नसेल तर पंपाचं घर, सील किंवा पाईप यातलं काहीतरी फुटतं. म्हणून नवीन व्हॉल्व्ह रिलीफच्या आधी बसतोय की नंतर, हे नकाशावर बघा. आधी बसत असेल तर त्याला स्वतःचा रिलीफ हवाच.

थर्ड फंक्शनच्या व्हॉल्व्हला तीन मुख्य तोंडं असतात. पी म्हणजे येणारं तेल. पीबी म्हणजे पॉवर बियाँड, पुढच्या यंत्रणेला जाणारं दाबाचं तेल. टी म्हणजे टाकीकडे परतणारं, जवळजवळ बिनदाबाचं तेल. लोडर व्हॉल्व्हचा पीबी नव्या व्हॉल्व्हच्या पीमध्ये, नव्याचा पीबी मागच्या लिफ्टकडे, आणि टी थेट टाकीत. टीची वाट मोकळी आणि जाड असली पाहिजे. पीबी आणि टीची अदलाबदल झाली की लिफ्ट उचलत नाही किंवा रडत रडत उचलते. पंजा मात्र त्या जोडणीतही चालू शकतो, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटून माणूस दोष भलतीकडेच शोधत बसतो. पंजा बसवल्यावर मागची लिफ्ट मंदावली तर पहिला संशय याच दोन पाईपांवर घ्या.

तुमच्या ट्रॅक्टरची पद्धत क्लोज्ड सेंटर किंवा लोड सेन्सिंग, म्हणजे गरज असेल तेव्हाच तेल ढकलणारी, असेल तर ओपन सेंटरचा व्हॉल्व्ह चालणार नाही. तो लावला तर पंप सतत पूर्ण जोराने तेल ढकलत राहतो आणि तेल उकळायला लागतं. खरेदी करताना पंपाची पद्धत, दाब आणि प्रवाह, हे तीन आकडे दुकानदाराला लिहून द्या. तोंडी सांगू नका.

३. सिलिंडरचा जोर आणि वेग

थोडं गणित, कारण याच्याशिवाय बकेट वाकते. ५० मिलिमीटर बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलिंडरचं आतलं क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर. दाब १७० बार असेल, म्हणजे साधारण २,५०० पीएसआय, तर बाहेर ढकलण्याचा जोर सुमारे ३.४ टन. आत ओढताना ३० मिलिमीटरच्या रॉडने जागा खाल्लेली असते, म्हणून जोर २.२ टनांच्या आसपास. यामुळेच बहुतेक किटमध्ये सिलिंडर बाहेर येताना पंजा मिटतो : आवळायला मोठा जोर, उघडायला लहान. तुमच्या किटमध्ये उलटं असेल तर ते का, हे विचारून घ्या.

दाताच्या टोकाशी मात्र हा पूर्ण जोर पोचत नाही. सिलिंडरची पिन बिजागरीपासून १५ सेंटिमीटरवर आणि दाताचं टोक ७५ सेंटिमीटरवर असेल तर टोकाला पाचवा हिस्सा, म्हणजे ७०० किलोंच्या आत. धरायला भरपूर, आणि पातळ बकेटची कड वाकवायलाही भरपूर.

वेगाचं बघा. ५० मिलिमीटर बोअर आणि २०० मिलिमीटर स्ट्रोकला (रॉडच्या सरकण्याला) जेमतेम ०.४ लिटर तेल लागतं. मिनिटाला २५ लिटर देणारा पंप हे सेकंदाच्या आत भरतो. म्हणजे पंजा थाडकन मिटणार. किटमध्ये बारीक छिद्राचा रिस्ट्रिक्टर दिला असेल तर तो फालतू समजून फेकू नका, सिलिंडरच्या तोंडाशी बसवा.

४. कोरडी मांडणी : तेल आणि वेल्डिंग लागण्याआधी

बकेट जमिनीवर सपाट, इंजिन बंद, चाकांना ठोकळे. पंजा बकेटच्या कडेवर ठेवून सी-क्लॅम्पने आवळा, सिलिंडरची एक पिन काढून ठेवा. पंजा हाताने पेलू नका, चेन ब्लॉक किंवा दोरखंडाने वरून धरा. बिजागरीवर मोकळा सुटलेला पंजा बोटं शिल्लक ठेवत नाही.

मध्य शोधताना बकेटच्या दोन्ही कडांपासून मापं घ्या, मधल्या खुणेवर विसंबू नका. वापरलेल्या बकेटी सरळ राहिलेल्या नसतात. मग पंजा पूर्ण मिटलेला आणि पूर्ण उघडा, अशा दोन स्थितींत सिलिंडरच्या दोन्ही पिनांमधलं अंतर मोजा. समजा सिलिंडर मिटलेला ४०० आणि पूर्ण ताणलेला ६०० मिलिमीटर आहे. पंजा उघडा असताना अंतर ४०० पेक्षा किंचित जास्त यायला हवं. मिटताना मात्र असं बघा की रिकाम्या बकेटवर दात पत्र्याला टेकायच्या आधीच स्ट्रोक संपेल. बोटभर फट राहिली तरी काही बिघडत नाही. दात आधी टेकले आणि स्ट्रोक उरला, तर वरचा सगळा जोर रोज बकेटच्या धारेवर पडणार.

आता खरी परीक्षा : अडथळे. पंजा पूर्ण उघडा बांधून ठेवा आणि लोडर सावकाश या स्थितींतून न्या.

जमिनीलगत, बकेट पूर्ण मागे वळवलेली : दात बॉनेटला किंवा पुढच्या जाळीला लागतात का?
मध्यम उंचीवर, बकेट पूर्ण मागे : लोडरच्या दोन हातांना जोडणाऱ्या आडव्या नळीला लागतात का?
पूर्ण वर, बकेट पूर्ण मागे : दात चालकाच्या दिशेने किती येतात?
बकेट पूर्ण ओतलेल्या स्थितीत : पंज्याची पाठ लोडरच्या हातांवर टेकते का?

हे करताना एक माणूस सीटवर, एक लांब बाजूला उभा राहून बघणारा, आणि लोडरखाली कुणीही नाही. कुठे लागत असेल तर पंजा पुढे सरकवा, नाहीतर सिलिंडरची जागा अशी बदला की पंजा थोडा कमी उघडेल. पूर्ण उघडण्याचा मोह सोडा. ओंडका धरायला जेवढं तोंड लागतं तेवढं पुरे.

५. पक्कं बसवणं : बोल्ट की वेल्डिंग

बोल्टने बसणारं किट असेल तर मला तेच आवडतं. उद्या बकेट विकली किंवा बदलली तर पंजा निघतो. बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे, खाली कडक वॉशर आणि पत्र्याच्या मागच्या बाजूला आधाराची पट्टी. नुसत्या पत्र्याला भोक पाडून आवळलेला बोल्ट पत्रा ओढून घेतो. टॉर्क किटच्या तक्त्याप्रमाणे द्या, अंदाजाने नाही.

वेल्डिंग करायचं तर बकेट लोडरवरून काढून करा. ते शक्य नसेल तर बॅटरीची आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह तार सोडा आणि इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट असलेल्या ट्रॅक्टरला पुस्तिकेत सांगितलेले कनेक्टरही काढा. अर्थिंगचा चिमटा बकेटवरच, वेल्डच्या शक्य तितका जवळ लावा. चिमटा ट्रॅक्टरला लावला तर करंट पिन, बुश आणि बेअरिंगमधून वाट काढतो आणि तिथे बारीक खड्डे पाडतो. सिलिंडरचा चकाकता रॉड ओल्या कापडाने किंवा जुन्या कातड्याने झाका. ठिणगीचा एक थेंब चिकटला की तो सील फाडत राहतो.

जागा कोणती? बकेटच्या पाठीचा पत्रा बहुधा पातळ असतो. बैठकीची पट्टी अशी बसवा की तिची टोकं बकेटच्या उभ्या फासळ्यांवर किंवा वरच्या चौकोनी नळीवर येतील. रंग आणि गंज दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत घासून काढा. आधी टाके (छोटे तात्पुरते वेल्ड) मारा, पायरी ४ मधली सगळी हालचाल पुन्हा एकदा करा, मगच पूर्ण वेल्ड. हाताने रॉडचं वेल्डिंग करत असाल तर ई७०१८ सारखा कमी हायड्रोजनचा, कोरडा रॉड घ्या. पट्टीच्या टोकाशी आडवा वेल्ड मारून संपवू नका, भेग तिथूनच सुरू होते. एकाच बाजूला सलग वेल्ड मारलात तर बकेटची कड आकसून वाकते, म्हणून डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं असं करत जा. जस्ताचा मुलामा असलेल्या भागावर वेल्डिंग करायचं असेल तर आधी मुलामा घासून टाका, तो धूर छातीत जातो.

वेल्डिंगचा हात सफाईचा नसेल तर टाके मारून बकेट जाणत्याकडे न्या. यात कमीपणा नाही. वरून ओंडका सुटला तर तो चालकाच्या अंगावर येतो.

६. दाब मोकळा करून व्हॉल्व्ह बसवणं

बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा. मग चावी चालू ठेवून सगळे लिव्हर सगळ्या दिशांना दोन-चार वेळा हलवा. विजेवरचा व्हॉल्व्ह आधीपासून असेल तर त्याची बटणंही दाबा, चावी बंद असताना तो अडकलेला दाब सोडत नाही. त्यानंतरच पहिलं फिटिंग ढिलं करा, तेही सावकाश, आपला चेहरा बाजूला ठेवून.

प्रत्येक पाईप काढण्याआधी त्यावर आणि त्याच्या तोंडावर मार्करने एकच खूण करा, फोटो काढा, आणि काढल्याबरोबर दोन्हीकडे टोपण लावा. हायड्रॉलिकचा खरा शत्रू धूळ आहे. व्हॉल्व्हच्या स्पूलची (आत सरकून तेलाची वाट बदलणाऱ्या दांड्याची) फट इतकी बारीक असते की बोटाला न जाणवणारा कणही तिला अडकवतो.

फिटिंगच्या बाबतीत नवखे हमखास अडतात. जेआयसी, एनपीटी आणि बीएसपी या फिटिंगच्या जाती. जेआयसीचा शंकू ३७ अंशांचा, त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा ४५ अंशांचा. दोन्ही एकमेकांवर चढतातही आणि मग गळत राहतात. एनपीटीच्या आट्यांचा कोन ६० अंश, बीएसपीचा ५५. सुरुवातीचे दोन-तीन आटे गोड जातात आणि मग अडतात. अडलं की पान्याला नळी लावून जोर करू नका, फिटिंग चुकीचं आहे. गेज नसेल तर जुनं फिटिंग खिशात घालून दुकानात न्या.

टेफ्लॉन टेप शंकूच्या किंवा ओ-रिंगच्या फिटिंगवर लावायची नाही. तिथे गळती शंकू किंवा रबर थांबवतं, आटे फक्त दाबून धरतात. टेपचे तुकडे मात्र तेलात उतरतात आणि व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात. जेआयसी नट हाताने पूर्ण आवळा, नट आणि फिटिंगवर मार्करने सरळ रेघ मारा, मग पान्याने मापाप्रमाणे एक ते दोन पैलू (षटकोनी नटाच्या बाजू) फिरवा. दुसरा पाना फिटिंगवर धरून ठेवा, नाहीतर सगळा पिळा पाईपमध्ये जातो.

७. पाईपांची वाट

पाईप मापून घेण्याआधी त्याच जाडीची दोरी घ्या आणि लोडरच्या हातावरून, मूळ लोखंडी नळ्यांच्या शेजारून, पिनेच्या जागी वळसा ठेवत बकेटपर्यंत न्या. मग लोडर वर-खाली आणि बकेट दोन्ही टोकांना फिरवा. दोरी कुठे ताणली आणि कुठे लोंबली ते लगेच दिसतं. सगळ्यात कठीण जागा बकेटच्या पिनेजवळची : ओतताना तिथे पाईप ताणतो आणि मागे वळवताना चिमटीत सापडतो.

दोन तारांच्या जाळीचा १/४ किंवा ३/८ इंची पाईप या कामाला पुरतो, फक्त त्यावर छापलेला दाब तुमच्या ट्रॅक्टरच्या रिलीफपेक्षा जास्त असल्याची खात्री करा. पाईपवर लांबीने छापलेली रेघ असते. बसवल्यावर ती सरळ दिसली पाहिजे. गोल फिरत गेलेली दिसली तर पाईप पिळलेला आहे आणि तो लवकर फुटेल. फिटिंगच्या तोंडाशी लगेच वाकवू नका, आधी थोडा सरळ जाऊ द्या. सायलेन्सरपासून आणि पीटीओपासून (अवजारं फिरवणाऱ्या दांड्यापासून) लांब. जिथे घासण्याची शक्यता आहे तिथे बाही. सिलिंडरची तोंडं वर किंवा आतल्या बाजूला ठेवा, फांद्या पहिल्यांदा तिथेच अडकतात.

बकेट काढता यावी म्हणून मधे क्विक कपलर लागतात. सपाट तोंडाचे, म्हणजे आयएसओ १६०२८ जातीचे, पुसायला सोपे आणि काढताना तेल फार सांडत नाही. गोळीचे, आयएसओ ७२४१ ए जातीचे, शेतीच्या यंत्रांवर सर्रास मिळतात. कोणतेही घ्या, पण एका जोडीत नर-मादी उलटसुलट बसवा, म्हणजे पुढच्या वेळी उघडायचा आणि मिटायचा पाईप आपोआप योग्य जागी जातो.

८. वायरिंग

मागच्या रिमोटवर चालवणाऱ्यांनी ही पायरी सोडावी.

व्हॉल्व्ह हलवणारी १२ व्होल्टची कॉइल साधारण २ ते ३ अँपिअर घेते. वीज चावीनंतरच्या जागेवरून घ्या, थेट बॅटरीवरून नाही. नाहीतर ट्रॅक्टर बंद असतानाही बटण चुकून दबून कॉइल तापत राहील. फ्यूज किटमध्ये सांगितलेला, आणि तो वीज घेतल्याच्या जागेजवळ. बटणावर सगळा भार देण्याऐवजी रिले वापरला तर बटण टिकतं. वायर लोडरच्या हलत्या भागावरून जात असेल तर पाईपसोबतच बांधा, पण टाय घट्ट आवळू नका. अर्थिंगच्या जागचा रंग घासून काढा. पंजा कधी चालतो, कधी चालत नाही, अशी तक्रार निघाली तर आधी हीच जागा मल्टिमीटरने तपासा.

कोणतं बटण मिटायचं आणि कोणतं उघडायचं, ते एकदा ठरवून मुठीवर खूण करा. उलटं निघालं तर पाईप बदलू नका, कॉइलचे दोन कनेक्टर अदलाबदल करा.

९. पहिल्यांदा चालू करताना

टाकीतलं तेल बघा, कमी असेल तर भरा. तेल पुस्तिकेतल्याच प्रकारचं. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं तेल एकच असतं, त्यामुळे साधं हायड्रॉलिक तेल ओतलं तर त्याचे परिणाम गिअर आणि ओल्या (तेलात बुडालेल्या) ब्रेकवर दिसतात.

इंजिन कमी फेऱ्यांवर चालू करा. कुठलाही लिव्हर न हलवता एक मिनिट आवाज ऐका. पंप ताणल्यासारखा कण्हत असेल तर लगेच बंद करा आणि पायरी २ मधला पीबी-टीचा मार्ग पुन्हा तपासा. आवाज ठीक असेल तर मागची लिफ्ट, स्टिअरिंग आणि लोडर पूर्वीसारखे चालतात का ते आधी बघा, पंजा सगळ्यात शेवटी. पंजा सावकाश पूर्ण उघडा, पूर्ण मिटवा, असं आठ-दहा वेळा. सुरुवातीला तो धक्के देत हलेल, ती हवा आहे. तेल फेसाळलेलं दिसलं तर थोडा वेळ थांबा. मग बकेट खाली, इंजिन बंद, तेलाची पातळी पुन्हा.

आता तो पुठ्ठा. गळती शोधायला हात फिरवू नका, हातमोजा घालूनही नाही. टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून दाबाने येणारं तेल दिसत नाही आणि कातडीत सहज घुसतं. पुठ्ठा पाईपजवळून फिरवा, त्यावर ओला डाग उमटतो. तेल अंगात घुसलंच तर जखम मुंगी चावल्याएवढी दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण ती तातडीच्या शस्त्रक्रियेची बाब आहे. घरी थांबून बघू असं म्हणायचं नाही. डॉक्टरांना दाबाचं हायड्रॉलिक तेल घुसलं आहे हे स्पष्ट शब्दांत सांगा, कारण बाहेरून बघून ते कळत नाही.

मिटलेला पंजा तासाभरात थोडा सैलावला तर घाबरू नका. स्पूलच्या व्हॉल्व्हमधून किंचित तेल पाझरतंच. भार धरून बराच वेळ उभं राहायचं काम असेल तर सिलिंडरजवळ पायलट चेक व्हॉल्व्ह (आतलं तेल अडवून धरणारा व्हॉल्व्ह) बसवा. त्याने पाईप फुटला तरी पंजा सुटत नाही.

१०. पहिल्या कामाचे दिवस

पहिले काही तास झाले की सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासा, वेल्डची टोकं भेगांसाठी बघा, पाईप कुठे चमकायला लागलेत ते बघा. चमकलं म्हणजे घासतंय. पिनांना ग्रीस, साधारण दर १० तासांच्या कामाला.

पंजा धरण्यासाठी आहे. उघड्या पंज्याने ढीग मागे ओढणं, दातांनी खोड उचकटणं, एका कोपऱ्याने फरशी उपटणं, या सगळ्यांत सिलिंडरचा रॉड वाकतो. माती खणताना पंजा पूर्ण उघडून वाटेतून दूर ठेवा, नाहीतर पंजा उतरवून ठेवा.

ओंडका धरला की भार जमिनीलगत ठेवून चाला, सीटबेल्ट लावलेला आणि रोलओव्हरची कमान उभी. कमान चालकाला उलटण्यापासून वाचवते, लोडरच्या हातांवरून घरंगळत येणाऱ्या ओंडक्यापासून नाही. म्हणून लांब ओंडके डोक्याच्या उंचीवर न्यायचेच असतील तर ते पंज्यात बसले आहेत की नुसते दातांवर टेकले आहेत, हे जमिनीवर असतानाच बघून घ्या.

बकेट उतरवून ठेवताना पंजा मिटलेला ठेवा आणि कपलर काढण्याआधी इंजिन बंद करून दोन्ही बाजूंचा दाब सोडा. न सोडता काढलात आणि बकेट उन्हात राहिली तर आतलं तेल फुगतं आणि पुढच्या वेळी कपलर काही केल्या बसत नाही. हातोडीने ठोकू नका. सावलीत गार होऊ द्या, नाहीतर जवळचं फिटिंग कापडाखाली धरून हळूच अर्धा पैलू ढिलं करा, दाब गेला की आवळा. कपलरच्या तोंडांवर टोपण चढवूनच बकेट बाजूला ठेवा.